नकलचीचा वार्षिक पाठ

मार्च अर्धा सरला की आमच्या इमारतीच्या जिन्यात पोरं अभ्यासाला बसतात. घरात पंखे असताना जिन्यात का, तर तिथली फरशी गार असते आणि आयांचं लक्ष नसतं. परवा भाजीची पिशवी घेऊन वर चढत होते, तर खालच्या मजल्यावरचा पोरगा बहिणीवर ओरडला, "नकलची! मी जो रंग घेतो तोच घेते!" बहीणही कमी नाही. तिने त्याचं वाक्य त्याच्याच सुरात, नाकातून, जसंच्या तसं त्याला परत केलं. पोरगा रडकुंडीला आला. मी हसायला हवं होतं, कारण पोरांना शिकवण्यात जन्म गेला आणि असली भांडणं मला नवी नाहीत. पण हसू आलं नाही. मार्चचं ऊन, सकाळची शाळा आणि हा शब्द एकत्र आले की मला अजून एक वार्षिक पाठ आठवतो.

नकलची हा शब्द पुण्यामुंबईकडच्या माणसाच्या तोंडी बसत नाही. ते लोक नक्कल म्हणतात, चांगला जोर देऊन, जणू गुन्हाच दाखल करताहेत. आमच्या नागपुरात नकल हलकी असते आणि ती करणारा नकलची. मशालची, तोपची, खजांची यांच्या पंगतीला बसणारा, म्हणजे हुद्दाच म्हणा ना. हिंदीतून आला असेल, पण आमच्याकडे हिंदीतून काय आलं नाही? लहानपणी वस्तीत हा शब्द उठताबसता कानावर पडायचा. मैत्रिणीने लाल रिबीन बांधली म्हणून आपण बांधली, की नकलची. शेजारच्या घरून कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीचा वास आला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या चुलीवर तेलाची कढई चढली, की आई आधीच म्हणून मोकळी व्हायची, "आता म्हणतीन पाहा, नकलची आहेत म्हून."

मला या शब्दाचा राग आहे तो वेगळ्या कारणाने. सून सासूसारखी पोळी लाटायला लागली तर लोक म्हणतात वळण लागलं. शागिर्दाने उस्तादासारखी तान घेतली तर ते घराणं. पोरगा बापासारखा चालला तर म्हणे रक्त बोलतं. तान्हं बाळ तर दुसरं काहीच करत नाही, आईच्या ओठांकडे बघतं आणि तसे ओठ करतं, तेव्हा सगळं घर टाळ्या पिटतं. मग नकलची नेमका कोण? तर ज्याने दुसऱ्यासारखं व्हावं हे लोकांना मंजूर नाही, तो. इतक्या वर्षांत मला या शब्दाचा एवढाच अर्थ लागला आहे. परीक्षेतल्या चिठ्ठ्याचपाट्यांची नकल निराळी, तिच्याशी मला आज कर्तव्य नाही.

यमुना माझ्याच वयाची, आमच्यापासून दोन घरं सोडून राहणारी. ती मी पाहिलेली सर्वात मोठी नकलची. बर्फाचा गोळा विकणारा, पोस्टमन, रेडिओवर बातम्या सांगणारी बाई, मतं मागायला वस्तीत येणारे पुढारी, कोणी म्हणून तिच्या गळ्यातून सुटला नाही. संध्याकाळी ओट्यावर बायका जमल्या की हाक यायची, "यमुने, त्या पुढाऱ्याची नकल करून दाखव वं!" आणि यमुना पदर खांद्यावर उपरण्यासारखा टाकून असं सलग भाषण ठोकायची की बायकांच्या डोळ्यांना पाणी यायचं. मग कोणीतरी हसता हसता म्हणायचं, बाई गं, घसा कोरडा पडला असंल तुहा, पाणी पे. आणि यमुना "पिते" म्हणायला जायची, स्वतःच्या आवाजात, आणि तिथेच अडकायची. ओठ मिटायचे. मान ताठ व्हायची. उजवा हात आपोआप वर उचलला जायचा, वरून कोणी दोरीने ओढावा तसा. बायका खाली बघायच्या किंवा एकदम दुसरंच काही बोलायला लागायच्या.

दुसऱ्याच्या आवाजात ती कधीच अडखळली नाही. स्वतःच्या आवाजात तिचा एक दिवस धड गेला नाही.

तिचे वडील दौलतकाका खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये होते. तिथल्या वसाहतीतच राहायचे आणि सुट्टीच्या दिवशी घरी यायचे. काकाही अडखळायचे, मुलीपेक्षा जास्त. बोलताना पंजा तोंडावर धरायचे, म्हणजे ओठांची धडपड कोणाला दिसू नये. जयभीमसुद्धा नुसता हात उचलून करायचे. यमुनेच्या आत्याचं एक ठाम मत होतं आणि ते ती पोरीच्या देखत सांगायची, "लहानपणी बापाची नकल करे हे पोरगी, म्हून जीभ अडकली तिची." काकांनी ते खरं धरलं. पोरीने आपल्याकडून आणखी काही उचलू नये म्हणून ते घरात जवळजवळ बोलेनासे झाले. आठवड्याने घरी यायचं, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायचा, मुकाट्याने जेवायचं आणि जायचं. हा माणूस गप्प का असतो हे वस्तीत कोणी विचारत नव्हतं. मला ठाऊक होतं, कारण यमुनेने मला सांगितलं होतं, आणि सांगताना तिने आत्याचा आवाज घेतला होता.

त्यामुळे आम्ही दोघी डी.एड.ला गेलो तेव्हा काका घाबरले. पहिल्यांदाच मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं. "बो... बोलाचं काम आपल्या घरच्यानं क... करू नये बेटा," ते पंजाआडून म्हणाले. "पॉवर हाऊसमंदी एवढा आवाज, सारेच हातानं बोलते. म्हून माहं निभलं." कळमेश्वरला नवे कारखाने उभे राहत होते आणि त्यांच्या ओळखीच्या एकाने तिथे माल बांधण्याच्या खात्यात यमुनेसाठी शब्द टाकला होता. यंत्राजवळ उभं राहायचं, डबे भरायचे, दिवसभर कोणाशी बोलावं लागत नाही. काकांच्या दृष्टीने याहून मोठं सुख नव्हतं. ठरलं असं की यमुनेने डी.एड. करावं, पास झाली तर शाळा, नापास झाली तर कळमेश्वर. पुन्हा परीक्षेला बसायचं नाही. तिने होकाराची मान हलवली आणि वर्षभर त्या मानेचं ओझं वाहिलं.

सराव पाठ ती निभावून नेत होती ते उसन्या आवाजांवर. एखाद्या पाठाला रेडिओवरची बाई, एखाद्याला आमच्या जुन्या हेडबाई. शेवटी तिला पुरता जमला तो देशकर बाईंचा आवाज. देशकर बाई आम्हाला अध्यापनाच्या पद्धती शिकवायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, स्वच्छ मराठी, आणि वाक्य संपलं की क्षणभर थांबून वर्गावर नजर फिरवायची सवय. यमुनेने ते सगळं उचललं, त्या थांबण्यासकट. वर्गात ती देशकर बाई व्हायची आणि पोरं चिडीचूप बसायची. संध्याकाळी वस्तीत तेच शुद्ध बोलणं चुकून तोंडून निघालं की बायका शहरातल्या उच्चभ्रू वस्तीचं नाव घेऊन टोमणा मारायच्या, "काहून वं, धरमपेठची झाली काय तू? नकलची!" हसणाऱ्या बायका त्याच होत्या, पण आता शब्दाला धार होती.

मग स्नेहसंमेलन आलं आणि तिथे घोळ झाला. मुलींनी यमुनेला ढकलून स्टेजवर चढवलं. तिने सगळ्यांच्या नकला केल्या आणि शेवटी देशकर बाईंची केली. हॉल हसून हसून आडवा झाला. बाई पहिल्या रांगेत होत्या. हसल्या नाहीत आणि उठूनही गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी यमुनेला बोलावलं. एकटी जायला ती तयार नव्हती म्हणून मी सोबत गेले.

"गजभिये, तुम्ही माझी नक्कल काल नाही केलीत, वर्षभर करताहात," यमुनेला आडनावाने हाक मारून बाई म्हणाल्या. "मी ऐकते आहे. रंगमंचावर चालेल, मला त्याचा राग नाही. पण शिक्षकाचा आवाज ज्या दिवशी उसना असतो, त्या दिवशी त्याच्याजवळ काहीच नसतं. वार्षिक पाठ तुमच्या स्वतःच्या आवाजात घ्या. तिथे माझा आवाज ऐकू आला, तर मी उठून परीक्षकांना सांगेन की ही पाठ घेत नाही, सोंग करते आहे."

यमुनेला उत्तर द्यायचं होतं. ओठ मिटले, हात वर गेला. बाईंनी त्या हाताकडे बघितलं आणि फाईल उघडली. बाहेर आल्यावर मी बाईंच्या नावाने इतकी बोटं मोडली की यमुनेनेच मला गप्प केलं. आज वाटतं, बाई म्हणाल्या ते खोटं नव्हतं. पण पोहता न येणाऱ्याच्या हातून ओंडका काढून घ्यायचा आणि वर स्वतःच्या हातापायांवर भरवसा ठेव म्हणायचं, हे शहाणपण मला अजून पटत नाही.

वार्षिक पाठाचा, म्हणजे परीक्षकांपुढे घ्यायच्या शेवटच्या पाठाचा, विषय चिठ्ठीवर ठरायचा. यमुनेला आलं पाचवीचं बाष्पीभवन. मी चिठ्ठी दोनदा वाचली. प, फ, ब, भ ही सगळी ओठांची अक्षरं तिची वैरी होती. पाणी, पाटी, भांडं, वाफ, बाष्प. धड्यात दुसरं काही नव्हतंच. अडखळणारी माणसं अवघड शब्द आला की बगल देऊन सोपा शब्द शोधतात, तिलाही ती हातोटी होती. पण इथे पाठाचं टाचण आधी लिहून द्यायचं आणि परीक्षक ओळीवर पेन्सिल ठेवून ऐकणार, शब्द बदलला की गुण गेले. दुपारी गल्ली उन्हाने ओस पडली की आम्ही आमच्या घरी दार लोटून सराव करायचो. मी वर्ग व्हायचे आणि ती शिक्षिका. "पाटी ओली होती, आता कोरडी कशी झाली?" हे पहिलंच वाक्य. त्या एका वाक्यात दुपार जायची.

"बाईच्या आवाजात घे," मी एकदा चिडून म्हटलं. "पाहून घेऊ काय होते तं."

"आ... आन उठून सांगितलं तं?"

"मंग सुरुवात तरी कर तिच्या आवाजात, मंग सोड."

तिने नकारार्थी मान हलवली. पाटी पुसली, पुन्हा ओली केली. ती वाळेपर्यंत तिच्या तोंडून पा निघाला नाही. मग पाटी खाली ठेवून ती म्हणाली, आणि हे मात्र सलग म्हणाली, कारण आवाज तिच्या बापाच्या मुकादमाचा होता, "कळमेश्वरले जागा चांगली आहे म्हणते." मला रडू फुटलं, तिला नाही.

पाठाच्या दिवशी आम्ही सकाळीच सराव शाळेत पोचलो. निंबाला मोहोर आलेला, फाटकाशी मृग बहाराच्या संत्र्यांची पाटी घेऊन एक म्हातारी बसलेली, आणि वर्गात त्या शाळेची मुरलेली पोरं. सराव शाळेतल्या पोरांसारखी चलाख जात नाही. एकच धडा वर्षात तीन-तीन छात्राध्यापिकांकडून ऐकायचा आणि दर वेळी पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा ठेवायचा, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. प्रश्न संपायच्या आत बोटं वर. आणि एक नियम त्यांच्या हाडात भिनलेला होता. बाईंनी पंजा उघडा करून हात वर धरला, की बाई बोलतील ते सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं. देशकर बाईंनीच घालून दिलेली पद्धत ती.

तक्ते लावायला आणि साहित्य हाती द्यायला सोबतिणीला वर्गात थांबता यायचं, म्हणून मी खिडकीशी उभी होते. माझ्या हातात ओलं फडकं. मागच्या बाकावर बाहेरगावचे परीक्षक, वयस्कर, चष्मा नाकाच्या टोकावर. शेजारी देशकर बाई. परीक्षकांनी टाचण उघडलं, पेन्सिल पहिल्या ओळीवर टेकवली.

यमुनेने माझ्याकडून फडकं घेऊन पाटी ओली पुसली आणि फडकं परत दिलं. पाटी वर्गाला दाखवली. उन्हाच्या दिवसात पाटी वाळायला वेळ लागत नाही, वर्गाच्या डोळ्यांदेखत ती वाळली.

"पा..." यमुना म्हणाली.

तिने आपला आवाज घेतला होता, हे मला त्या एका अक्षरावरून कळलं. तो आवाज मी फार कमी ऐकलेला होता. थोडा घोगरा, काकांच्या वळणाचा.

"पा... पा..."

ओठ मिटले. मान ताठ झाली. परीक्षकांची पेन्सिल थांबली आणि त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मी मनात म्हणत होते, घे, बाईचा आवाज घे, उठू दे तिला, सांगू दे. यमुनेची नजर मागच्या बाकावर गेली आणि तिथून परत आली. तिने तो आवाज घेतला नाही. आणि मग जे नेहमी व्हायचं तेच झालं. उजवा हात दोरीने ओढल्यासारखा वर गेला, पंजा उघडा, वर्गाकडे.

अख्ख्या वर्गाने एका सुरात म्हटलं, "पा! पा! पा!"

माझ्या हातातून फडकं पडलं. कोणी हसलं नव्हतं, हे मला नंतर आठवलं. त्या क्षणी मला फक्त एवढंच कळलं की संपलं, आता हिला पोरंसुद्धा चिडवताहेत. परीक्षक बाईंकडे झुकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "ही मुलं थट्टा करताहेत का?"

देशकर बाईंनी पोरांकडे पाहिलं, वर्गात अजून वर असलेल्या त्या हाताकडे पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या. "मुलं त्यांच्या बाईंच्या मागून म्हणताहेत."

पोरं हात खाली यायची वाट बघत होती. हात खाली आला नाही, म्हणून त्या शाळेच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी पुन्हा म्हटलं, "पा! पा! पा!" आणि तिसऱ्या पा वर यमुनेचा आवाज त्यांच्यात मिसळला. पोरांच्या पा ला तिने "टी" जोडला. पोरांनी पाटी म्हटलं, तिने त्यांच्याबरोबरच पाटी म्हटलं. पाटी ओली होती. पाटी ओली होती. ती सांगतेय आणि पोरं मागून म्हणताहेत असं नव्हतं, पोरांना घाई असते, ती शब्द अर्धा असतानाच उडी घेतात, आणि त्या गलक्यात यमुना अडखळत नव्हती. तिलाच आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा इतका भ्यालेला दिसला की मी कधी विसरणार नाही, हातात आलेलं काहीतरी आता निसटणार अशी ती भीती होती. तिने हात खाली घेतलाच नाही. प्रश्न वर्गाबरोबर, उत्तर वर्गाबरोबर, फळ्यावरचं अक्षर न् अक्षर वर्गाबरोबर. बाष्पीभवन हा शब्द त्या वर्गाने इतक्या वेळा म्हटला की शेजारच्या वर्गातून बाई बघायला आल्या. मधे मधे पोरं थांबायची तेव्हा ती एकटी पडायची आणि अडकायची, मग पुन्हा पंजा वर. मी खिडकीचा गज धरून उभी होते आणि पोरांनो, थांबू नका, असं मनात बजावत होते.

तास संपला. परीक्षक लिहीत राहिले. देशकर बाई दारापाशी यमुनेजवळ थांबल्या. वाक्य संपल्यावर थांबायच्या त्या, या वेळी वाक्याआधी थांबल्या. "फार गोंगाट झाला," त्या म्हणाल्या. मग खालच्या आवाजात, "आवाज कोणाचा होता ते मी ऐकलं." आणि गेल्या. पुढे निकालापर्यंत आम्हाला हे स्तुती होती की तक्रार, ते कळेना. त्या महिन्यात यमुना वस्तीत एकही नकल करून दाखवेना. बायका म्हणाल्या, परीक्षेनं पोरगी सुकली.

ती पास झाली. वरच्या श्रेणीत नाही, काठावर, पण पास. कळमेश्वरचं नाव पुन्हा घरात निघालं नाही. जून संपता संपता आम्हा दोघींना वेगवेगळ्या प्राथमिक शाळा मिळाल्या, आणि वर्षभराने बदली होऊन मी तिच्या शाळेत आले. तिच्या वर्गाचा गलका सगळ्या शाळेला ठाऊक होता. एक-दोन शिक्षक नाकं मुरडायचे, की हिला एकटीला शिकवता येत नाही म्हणून पोरांना कामाला लावते. खरंच होतं ते. त्यात लाज वाटण्यासारखं काय, ते मला विचारायचं असायचं.

त्या सालच्या परीक्षांच्या दिवसांत, सकाळच्या शाळेत, दौलतकाका एकदा आले. त्यांच्या पॉवर हाऊसच्या सुट्टीचा दिवस होता आणि यमुना डबा विसरली होती. मी माझ्या वर्गाला पेपर देऊन व्हरांड्यात उभी होते. काका तिच्या वर्गाच्या खिडकीबाहेर, भिंतीला टेकून, कोणाला दिसणार नाही असे थांबले. हातात डबा, दुसरा पंजा तोंडावर. मला त्यांनी पाहिलं नाही. आत उजळणी चालली होती, यमुना आणि तिची पोरं एका आवाजात नद्यांची नावं म्हणत होती. वैनगंगा, वर्धा, कन्हान, पेंच. काका नुसते ऐकत राहिले. मग पंजा हळूहळू खाली आला. मला त्यांचे ओठ हललेले दिसले, मग आवाज ऐकू आला, पोरांच्या आवाजाखालून येणारा, जाड, घोगरा. वैनगंगा. वर्धा. कन्हान. पेंच. एकही अक्षर न अडकता, पोरांच्या बरोबरीने, पुन्हा पहिल्यापासून. आतली उजळणी संपली आणि वर्ग थांबला, पण काकांच्या ते लक्षात आलं नाही. शेवटचं पेंच त्यांनी एकट्यानेच म्हटलं, स्पष्ट, मोठ्याने. मग ते दचकले आणि मागे वळून व्हरांड्यात इकडेतिकडे पाहू लागले, हे कोण बोललं ते बघायला.